शब्दचर्चा : ‘स्वतंत्र प्रकाशन’ म्हणजे कोणापासून स्वतंत्र?

शाईदौत :
एका परिचयलेखासाठी ‘आफ्रिकी स्त्रीवादी कादंबऱ्यांचं स्वतंत्र प्रकाशन’ असा मथळा सुचला आहे. लेखात अबुजाची कॅसावा रिपब्लिक (स्थापना २००६), केपटाउनची मोजाजी बुक्स (२००७) आणि कंपालाची फेमराइट या तीन संस्था प्रामुख्याने आहेत. पहिल्या दोन लहान खाजगी प्रकाशनसंस्था आणि तिसरी युगांडातल्या लेखिकांची संघटना, जी पुस्तकंही काढते. ‘इंडिपेन्डन्ट पब्लिशिंग’साठी ‘स्वतंत्र प्रकाशन’ चालेल का? आणि ‘लिटररी फिक्शन’चं काय करायचं?

पानवाचक :
मथळा तसाच ठेवला तर दोन ठिकाणी घसरेल.

पहिली अडचण ‘प्रकाशन’ या शब्दाची. मराठीत त्याचे तीन अर्थ रोजच्या वापरात आहेत : पुस्तक काढण्याची क्रिया, पुस्तक काढणारी संस्था आणि पुस्तकाचा समारंभ. ‘शनिवारी प्रकाशन आहे’ म्हटलं की आपण सभागृह, पाहुणे आणि पुष्पगुच्छ डोळ्यांपुढे आणतो. ‘कादंबऱ्यांचं स्वतंत्र प्रकाशन’ वाचून एखाद्याला वाटेल की या पुस्तकांचा कार्यक्रम वेगळा ठेवला आहे.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पुस्तकांच्या संदर्भात ‘स्वतंत्र’ म्हणजे ‘अनुवादित नसलेलं’. आपल्या सूच्यांमध्ये आणि पुरस्कारांच्या वर्गवारीत ‘स्वतंत्र’ आणि ‘अनुवादित’ अशी जोडी असते. या लेखात तर मूळ फ्रेंचमधून इंग्रजीत आलेली पुस्तकंही येणार, तेव्हा गोंधळ नक्की.

उपाय साधा आहे. ‘स्वतंत्र’ हे विशेषण पुस्तकाला किंवा क्रियेला लावू नका, संस्थेला लावा : ‘स्वतंत्र प्रकाशनसंस्था’. ‘संस्था’ जोडली की दोन्ही अडचणी मिटतात.

फर्मा१६ :
पानवाचक यांचं पटलं, पण ‘स्वतंत्र’ला मराठीत ‘पासून’ लागतो. कोणापासून स्वतंत्र, ते लेखात एकदा तरी सांगायला हवं, कारण आफ्रिकेत या प्रश्नाची उत्तरं देशागणिक बदलतात.

नायजेरियात आणि पूर्व आफ्रिकेत सांगायचं असतं ते बहुतेक लंडनपासूनचं स्वातंत्र्य. फ्लोरा न्वापाची ‘एफुरू’ १९६६ साली हाइनमनच्या आफ्रिकन रायटर्स सिरीजमध्ये आली. लेखिका नायजेरियाची, प्रकाशक लंडनचा. पुढे तिने नायजेरियातल्या एनुगूला स्वतःची टाना प्रेस काढली आणि ‘वन इज इनफ’ (१९८१) तिथून प्रसिद्ध केली.

सेनेगलची गोष्ट वेगळी. मारियामा बा हिची ‘यून सी लाँग लेत्र’ ही फ्रेंच कादंबरी १९७९ साली डाकारच्या नूव्हेल एदिसियाँ आफ्रिकेन या संस्थेने काढली आणि आफ्रिकेत प्रकाशित झालेल्या पुस्तकांसाठीचा नोमा पुरस्कार १९८० मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो तिला मिळाला. पहिली आवृत्ती आफ्रिकेतच निघाली, पॅरिसला नाही, हे महत्त्वाचं. पण ही संस्था १९७२ मध्ये सरकारांच्या पुढाकाराने आणि फ्रेंच प्रकाशकांच्या भागीदारीत उभी राहिली होती. तिला ‘आफ्रिकी प्रकाशनसंस्था’ म्हणा, ‘स्वतंत्र’ म्हणू नका. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरणं ही या विषयावरच्या लेखनातली सगळ्यात सर्रास चूक.

न्वापाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. ‘स्वखर्चाने प्रकाशित’ असं लिहू नका. मराठीत त्याचा अर्थ लेखकाने छपाईचे पैसे दुसऱ्या प्रकाशकाकडे भरले, असा होतो. तिने पैसे भरून नाव छापून घेतलं नाही, संस्था उभारली. ‘स्वतःच्या प्रकाशनसंस्थेतून’ हे नेमकं. बुची एमेचेटा या नायजेरियन लेखिकेने १९८० च्या दशकात लंडनमध्ये काढलेल्या ओग्वुग्वू आफोर या प्रकाशनसंस्थेलाही हेच लागू. आणि ही दुसरी संस्था लंडनमध्ये होती, म्हणजे ‘लंडनपासून स्वतंत्र’ हेही सरसकट लिहिता येणार नाही.

शाईदौत :
हे फार कामाचं आहे. मग हातातली प्रत आफ्रिकेत निघालेली आहे की परदेशी आवृत्ती, हे ओळखायचं कसं? वर्णनात ‘नायजेरियन आवृत्ती’ लिहायचं तर खात्री हवी.

फर्मा१६ :
प्रकाशन-तपशिलाच्या पानावर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, पाहा. तेरा आकड्यांचे पाच भाग असतात. सुरुवातीच्या ९७८ नंतरचा भाग देशाचा किंवा भाषागटाचा. नायजेरियाचा गट योगायोगाने पुन्हा ९७८ च आहे, त्यामुळे तिथला क्रमांक ९७८-९७८ असा सुरू होतो. तो छापखान्याचा दोष समजून एक ९७८ खोडू नका. मुद्रितशोधनात ही चूक सहज होते. केनियाचे गट ९९६६ आणि ९९१४, युगांडाचे ९९७० आणि ९९१३, घानाचे ९९६४ आणि ९९८८. आपल्याकडचे ८१ आणि ९३.

दोन ठिकाणी ही खूण फसते. दक्षिण आफ्रिका इंग्रजी गटात येते, म्हणून तिथल्या पुस्तकावर ० किंवा १ असतो आणि ब्रिटिश पुस्तकांपासून ते वेगळं दिसत नाही. तसंच, कॅसावा रिपब्लिकने २०१६ पासून लंडनलाही कार्यालय थाटलं. एकाच संस्थेच्या पुस्तकांवर दोन गटांचे क्रमांक असू शकतात. क्रमांकावरून नोंदणी कुठली ते कळतं, मालकी कोणाची ते कळत नाही. छपाई कुठे झाली हेही त्यातून कळत नाही. अनेक आफ्रिकी संस्थांची पुस्तकं परदेशात आफ्रिकन बुक्स कलेक्टिव्ह विकते. ही १९८९ साली आफ्रिकी प्रकाशकांनीच मिळून उभारलेली संस्था. तिच्याकडून आलेली प्रत बहुधा मागणीनुसार छापलेली असते. मूळ छपाई केपटाउनची असली तरी तुमच्या हातातली प्रत इंग्लंडमध्ये निघालेली असू शकते.

बोरू :
‘आवृत्ती’ हा शब्दही जपून वापरा. आपण नव्या मजकुराच्या आवृत्तीला आणि नुसत्या पुनर्मुद्रणाला एकच शब्द लावतो. युगांडाच्या जेनिफर मकुंबीची ‘किंटू’ ही कादंबरी घ्या : नैरोबीच्या क्वानी ट्रस्टने २०१४ मध्ये काढली, अमेरिकेत ट्रान्झिट बुक्सने २०१७ मध्ये, ब्रिटनमध्ये वनवर्ल्डने २०१८ मध्ये. ब्रिटिश प्रतीवरून ‘प्रथम आवृत्ती २०१८’ लिहिलं की नैरोबीचा प्रकाशक इतिहासातून पुसला जातो. ज्या संस्थेने हस्तलिखितावर आधी विश्वास टाकला तिचंच नाव गेलं, तर लेखाचा मुद्दाच गेला. म्हणून नोंद अशी करा : ‘प्रथम प्रकाशन : क्वानी ट्रस्ट, नैरोबी, २०१४. येथे वापरलेली प्रत : वनवर्ल्ड, २०१८.’

याचाच दुसरा भाग हक्कांचा. यातल्या एखाद्या कादंबरीचा मराठी अनुवाद करायचा तर हातातल्या प्रतीच्या प्रकाशकाला लिहून थांबू नका. त्याच्याकडे फक्त ब्रिटनपुरते इंग्रजी हक्क असू शकतात. अनुवादाचे हक्क लेखिकेकडे, तिच्या प्रतिनिधीकडे किंवा पहिल्या प्रकाशकाकडे असतात. आधी एका ओळीत हेच विचारा : ‘मराठी भाषेतले हक्क कोणाकडे आहेत?’ ‘भारतातले हक्क’ असं लिहू नका. प्रदेश भारतापुरता ठरला तर न्यू जर्सीतल्या किंवा मेलबर्नमधल्या मराठी वाचकाला पुस्तक विकता येणार नाही. करारात भाषा, प्रदेश, स्वरूप (छापील, ई-पुस्तक, श्राव्य), मुदत आणि प्रतींची संख्या वेगवेगळी लिहिलेली हवी. पुस्तक किती महिने अनुपलब्ध राहिलं की हक्क परत जातात, तो आकडाही हवा. तो नसला की पुस्तक वर्षानुवर्षं मिळत नाही आणि दुसऱ्या कोणाला काढताही येत नाही.

पानवाचक :
‘लिटररी फिक्शन’ राहिलं. ‘ललित साहित्य’ नको. त्यात कविता आणि नाटकही येतं, आणि नुसतं ‘ललित’ म्हटलं की ललितलेख आठवतात. ‘काल्पनिक साहित्य’ तर अजिबात नको, त्याने पुस्तक परीकथेच्या रांगेत जातं. ‘कथा-कादंबरी’ पुरेसं आहे. रंजनप्रधान कादंबरीपासून वेगळेपण दाखवायचंच असेल तर ते लेखात एका वाक्यात सांगा, विशेषणावर भार टाकू नका.

बोरू :
आणि ‘स्त्रीवादी’? हे विशेषण संस्थेला निर्धास्त लावा, लेखिकेला लावण्याआधी थांबा. एमेचेटा स्वतःचा स्त्रीवाद इंग्रजी ‘एफ’ लहान लिपीत लिहायची आणि तसं सांगायची. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाहीच, तेव्हा हा भेद अनुवादात उतरत नाही. ‘छोटा स्त्रीवाद’ केलं तर तिने स्वतःला कमी लेखलं असं वाटतं, आणि तो अनर्थ आहे. वाक्य उलगडूनच लिहावं : ‘स्त्रीवाद, पण पाश्चात्त्य चळवळीची पाटी न लावलेला.’

नायजेरियन अभ्यासक ओबिओमा न्नाएमेका हिने मांडलेल्या ‘निगो-फेमिनिझम’ या संकल्पनेत ‘निगोशिएशन’ आणि ‘नो ईगो’ हे दोन्ही एका शब्दात बसवलेले आहेत. ‘वाटाघाटीचा स्त्रीवाद’ म्हटलं की निम्मा अर्थ येतो. मूळ शब्द देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखात दोन्ही अर्थ द्यावेत. नायजेरियन समीक्षक मोलारा ओगुंडिपे-लेस्लीचा ‘स्टिवानिझम’ही तसाच ठेवावा. तो एका इंग्रजी वाक्यांशाच्या आद्याक्षरांपासून बनला आहे : ‘आफ्रिकेतल्या स्त्रियांसह सामाजिक परिवर्तन’. त्यातलं ‘सह’ गाळू नका, तिचा सगळा रोख त्याच शब्दावर आहे.

शाईदौत :
मथळा बदलते : ‘स्वतंत्र प्रकाशनसंस्था आणि आफ्रिकेतल्या लेखिकांची कथा-कादंबरी’. ‘स्त्रीवादी’ पहिल्या परिच्छेदात संस्थांच्या वर्णनात येईल. मोजाजीच्या नावाखाली एक ओळही जोडते : दक्षिण आफ्रिकेच्या लिम्पोपो प्रांतातल्या बालोबेडू लोकांच्या पर्जन्यराणीवरून हे नाव घेतलं आहे.