सोसायटी इंटरनेट: नवीन कनेक्शन द्यायची का?

*सचिव:* नमस्कार. आपल्या सामाईक लीज्ड लाइनसाठी (सोसायटीने मिळून भाड्याने घेतलेली इंटरनेट लाइन) सी विंगमधून नवे अर्ज आलेत. इकडे संध्याकाळच्या तक्रारी चालूच. लाइन देणारे म्हणतात, वापराचा ग्राफ 46 टक्क्यांवर आहे, भरपूर जागा आहे. देऊया का?

*बी-304:* काका, ग्राफ खोटा नाही, पण तो पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. 300 सेकंदांपैकी 30 सेकंद लाइन ठासून भरली आणि बाकी वेळ 40 टक्क्यांवर राहिली, तरी सरासरी 46च येते. त्या 30 सेकंदांत राउटरमध्ये पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग लागते.

*ए-102:* अगदी! मुलीच्या क्लासला बाईंचा आवाज तुटतो. नंतर स्पीड टेस्ट केली की सगळं छान.

*बी-304:* काकू, साध्या व्हॉइस कॉलला 100 केबीपीएसच्या आसपासच लागतं. तिथे वेग कमी पडत नाही, पॅकेट उशिरा पोचतं. म्हणून दर सेकंदाचं मोजमाप लावू. डाउनलोड, अपलोड वेगवेगळं, सोबत पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ.

*सी-501:* दादा, आम्ही पैसे भरायला तयार आहोत. आम्हाला का अडवायचं?

*बी-304:* तुमचं म्हणणं रास्त आहे. प्रत्येकाच्या प्लॅनच्या आकड्यांची बेरीज केली तर कुणालाच कनेक्शन देता येणार नाही, पण सगळे एकदम पूर्ण वेगाने कधी वापरत नाहीत. म्हणून गर्दीच्या तासातला खरा वापर बघायचा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग या गणितज्ञाने 1917मध्ये सूत्र मांडलं: गर्दीच्या वेळी इतके कॉल आले आणि इतक्या लाइन असल्या, तर किती जणांना एंगेज टोन मिळेल. नवा माणूस थांबतो, पण चालू बोलणं तुटत नाही. आपल्याकडे नव्याला कुणी थांबवत नाही, मग त्रास सगळ्यांनाच होतो.

*सचिव:* दुप्पट लाइन घेतली तर?

*बी-304:* आकडे सांगतील तर जरूर घेऊ. पण एखाद्या घरचा क्लाउड बॅकअप सुरू झाला की मोठी लाइनही तेवढ्यापुरती भरते. राउटरवर एफक्यू-कोडेल ही पॅकेटांच्या रांगा सांभाळणारी सोय चालू करू, म्हणजे बॅकअपच्या मागे कॉलची पॅकेटं अडकणार नाहीत.

*ए-203:* एक शंका. कोण काय बघतं, तेही कळणार का?

*बी-304:* नाही ताई. फक्त किती डेटा गेला ते मोजायचं. ग्रुपवरही पूर्ण लाइनची बेरीजच टाकेन, फ्लॅट नंबर नाही.

*सचिव:* ठीक. शनिवार-रविवार धरून पूर्ण आठवडा मोजू. तोवर अर्ज राखून ठेवतो, आलेल्या क्रमाने.

*सी-501:* चालेल. आकडे रोज टाका मात्र.