क्वांटम-२ मधून स्कॅटरिंग आणि डब्ल्यूकेबी काढून क्यूबिट आणावेत का?

माळरान:
एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाली आणि तेव्हापासून एम.एस्सी. फिजिक्सच्या अभ्यासक्रमात क्वांटम इन्फर्मेशन घालायची घाई सुरू झाली आहे. योजना ६००३ कोटींची आहे. सेन्सिंगचं केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचं हब आहे. आपल्या मुलांना तिथे जाता यावं असं मलाही मनापासून वाटतं. माझा वाद जागेचा आहे. क्वांटम-२ हा एम.एस्सी.चा क्वांटम मेकॅनिक्सचा दुसरा पेपर, ४ क्रेडिटचा, म्हणजे ६० तास. त्यात क्यूबिट (क्वांटम संगणकाचा दोन पातळ्यांचा बिट), गेट (क्यूबिटवरच्या क्रिया), टेलिपोर्टेशन (क्यूबिटची अवस्था दुसरीकडे पोचवणं) बसवायचं तर काहीतरी बाहेर काढावं लागणार. ज्या प्रस्तावावर सध्या बोललं जातंय त्यात डब्ल्यूकेबी (श्रोडिंगर समीकरण अंदाजे सोडवायची रीत) आणि स्कॅटरिंग (कणांच्या टकरींचं गणित) यांवर काट मारली आहे. कारण काय, तर हे जुनं झालं आणि मुलं पाठ करून विसरतात.

डब्ल्यूकेबी जुनं झालं म्हणणाऱ्यांनी अल्फा क्षयाचे आकडे एकदा समोर ठेवावेत. थोरियम-२३२ मधून सुटणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा साधारण ४ एमईव्ही, पोलोनियम-२१२ मधल्याची ८.८. ऊर्जेत जेमतेम दुपटीचा फरक. अर्धायुष्य मात्र पहिल्याचं १४०० कोटी वर्षं आणि दुसऱ्याचं ०.३ मायक्रोसेकंद. म्हणजे एकावर २४ शून्यं इतका फरक! गॅमोने १९२८ मध्ये हा फरक टनेलिंगच्या, म्हणजे ऊर्जा कमी असूनही कण अडथळ्यापलीकडे निघण्याच्या, एका घातांकातून उलगडला; तो घातांक डब्ल्यूकेबीने निघतो. फळ्यावर हे गणित तासाभरात होतं, आणि घातांकात बसलेली छोटी गोष्ट निसर्गात केवढा फरक पाडते हे मुलांना कायमचं कळतं.

स्कॅटरिंगचंही तेच. मंद न्यूट्रॉन प्रोटॉनवर आदळतो तेव्हा मोजलेला क्रॉस सेक्शन, म्हणजे टकरीसाठी दिसणारं क्षेत्रफळ, साधारण २० बार्न (त्याचं एकक). ड्यूटेरॉनच्या (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांच्या जोडीच्या) बंधनऊर्जेवरून अंदाज काढला तर जेमतेम ४ बार्नच्या आसपास येतो. उरलेलं कुठून आलं? ड्यूटेरॉनमध्ये दोघांचे स्पिन समांतर असतात, पण टकरीत चारांतल्या एका वाट्याला ते विरुद्ध असतात आणि त्या अवस्थेची स्कॅटरिंग लेंग्थ (मंद टकरीत बलाचा प्रभाव सांगणारी लांबी) प्रचंड आहे, उणे २३.७ फर्मी. अणुकेंद्रातलं बल स्पिनवर अवलंबून असतं हे अशा रीतीने हाती लागलं. हे ज्या विद्यार्थ्याने स्वतः आकडे घालून काढलं, त्याला ट्रिप्लेट-सिंग्लेट (समांतर आणि विरुद्ध स्पिनच्या अवस्था) वेगळं समजवावं लागत नाही. हे काढून त्याजागी सर्किटच्या चौकटी काढायला शिकवणं मला पटत नाही.

रेवा:
माळरान सर, तुम्ही वर्णन केलेला तास मला फार आवडला. पण तो कुठे होतो? मी पाहिलेल्या वर्गांत स्कॅटरिंग म्हणजे गोलीय बेसल फलनांची दूरवरची रूपं, त्यांची बेरीज, फेज शिफ्टचं (टकरीनंतर लाट किती सरकते त्याचं) सूत्र आणि चौकटीत उत्तर. बार्न हा शब्द न्यूक्लिअरच्या पेपरात पहिल्यांदा ऐकू येतो. तुम्ही आदर्श स्कॅटरिंगची तुलना वाईट शिकवलेल्या क्यूबिटशी करताय.

माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. आपली मुलं दोन-दोन क्वांटम पेपर देऊन बाहेर पडतात आणि डेन्सिटी मॅट्रिक्स (मिश्र, अपुऱ्या माहितीच्या अवस्थेचं वर्णन) एकदाही धड हाताळत नाहीत. लांडाउ आणि फॉन नॉयमन यांनी ती १९२७ मध्ये मांडली, त्यामुळे हे काही नवं फॅड नाही. प्रयोगशाळेत शुद्ध अवस्था जवळजवळ कधीच नसते. अणू तापलेला असतो, प्रकाशात गोंगाट असतो, मोजणारं यंत्र आजूबाजूला गुंतलेलं असतं. एकमेकांत गुंतलेल्या कणांच्या जोडीतला एकच कण आपल्या हातात असेल, तर त्याचं वर्णन वेव्ह फंक्शनने करताच येत नाही. हे न शिकवता आपण त्याला ‘प्रगत’ म्हणतो.

खुल्या, म्हणजे परिसराशी जोडलेल्या, क्वांटम प्रणालींचं समीकरण १९७६ मध्ये लिहिलं गेलं. लिंडब्लाडने एकीकडे, आणि गोरिनी, कोसाकोव्स्की, सुदर्शन यांनी दुसरीकडे. हे सुदर्शन म्हणजे केरळचे, आणि उमेदीच्या काळात मुंबईच्या टीआयएफआरमध्ये काम केलेले. त्यांचं समीकरण जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरलं जातं आणि मुंबईपासून तासाभरावरच्या एम.एस्सी.च्या वर्गात त्यांचं नावही निघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि जॉन बेलची असमानता? १९६४ चा लेख, त्यावरच्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल. पाउली मॅट्रिक्स (स्पिनचं गणित) येणाऱ्या मुलाला एका पानात दाखवता येतं की दोन कणांच्या मोजण्यांतल्या मेळाला स्थानिक वास्तववादाची (गुण आधीच ठरलेले, दूरच्या मोजणीचा परिणाम नाही, या समजुतीची) मर्यादा २ आहे आणि क्वांटमचं उत्तर २.८३. शतकातला इतका खोल निष्कर्ष इतक्या कमी गणितात दुसरीकडे मिळत नाही. त्यासाठी ६० पैकी ३ तास नाहीत?

तिसरा बाक:
विद्यार्थी म्हणून लिहितोय. दोघांचंही वाचून बरं वाटलं, पण आमच्या डोक्यावर नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा आहे. ३ तासांत ५५ प्रश्न सोडवायचे असतात. त्या अभ्यासक्रमात डब्ल्यूकेबी आहे, फेज शिफ्ट, पार्शियल वेव्ह, बॉर्न अप्रॉक्सिमेशन आहे, क्लाइन-गॉर्डन आणि डिरॅक ही सापेक्षतावादी समीकरणं आहेत. क्वांटम इन्फर्मेशन नाही. विद्यापीठाने स्कॅटरिंग काढलं तर ज्याच्याकडे क्लासचे पैसे आहेत तो बाहेर शिकेल. जो गावाहून येऊन वसतिगृहात राहतो त्याचं काय? अभ्यासक्रम बदलताना ही गोष्ट कुणी बोलत नाही.

रेवा:
मुद्दा अगदी रास्त आहे, मी तो नाकारत नाही. पण परीक्षा बदलेपर्यंत विषय बदलायचा नाही असं ठरवलं तर परीक्षाही कधी बदलणार नाही. प्रश्न काढणारी माणसं याच वर्गांतून तयार होतात.

प्रयोगवही:
मी सुपरकंडक्टिंग सर्किटवर काम करतो, तेव्हा क्यूबिटवाल्यांच्या बाजूने बोलेन असं वाटेल. पण मला माळरान यांची बाजू घ्यावीशी वाटते.

ट्रान्समॉन नावाचा क्यूबिट आज सर्वांत जास्त वापरात आहे. तो म्हणजे किंचित वाकडा झालेला हार्मोनिक ऑसिलेटर (स्प्रिंगसारखा आंदोलक). जोसेफसन जंक्शनच्या (दोन सुपरकंडक्टरमधल्या पातळ सांध्याच्या) ऊर्जेतल्या कोसाइनचं विस्तारण केलं की चौथ्या घाताचं पद मिळतं. त्यावर पहिल्या क्रमाची पर्टर्बेशन थिअरी (छोट्या बदलाचा परिणाम अंदाजे काढायची रीत) लावली की कळतं, पहिली उडी साधारण ५ गिगाहर्ट्झची असेल तर पुढची त्यापेक्षा दोन-तीनशे मेगाहर्ट्झने कमी. हा फरक नसता तर त्यात दोन पातळ्या वेगळ्या काढताच आल्या नसत्या, म्हणजे तो क्यूबिटच राहिला नसता. माझ्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांना गेटची नावं तोंडपाठ असतात. हे गणित मात्र सगळ्यांना जमत नाही, आणि ते जमणारा मुलगा गेट आठवड्यात शिकतो.

डब्ल्यूकेबीचं म्हणाल तर २०२५ चं नोबेल बघा. क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीत दाखवलं की अख्खं सर्किट एका खळग्यातून टनेल होऊन बाहेर पडतं. तापमान उतरवत नेलं तशी बाहेर पडण्याची गती कमी होत गेली, आणि एका टप्प्यानंतर कमी होईनाशी झाली. उष्णतेचा धक्का संपल्यावर उरलं ते टनेलिंग. ती गती काढायला लागणारा घातांक गॅमोच्या घातांकाचा सख्खा भाऊ आहे. डब्ल्यूकेबी काढून क्यूबिट आणायचे, म्हणजे क्यूबिट जिथून आले तेच पान फाडायचं.

रेवा:
हा प्रयोग तर माझ्या बाजूचा आहे! ते सर्किट एकटं नसतं, त्याला तारा जोडलेल्या असतात, विद्युतरोध असतो. घर्षण (सर्किटमध्ये हाच रोध) टनेलिंगला अडवतं हे काल्डेरा आणि लेगेट यांनी १९८१ मध्ये मांडलं, आणि म्हणूनच त्या मंडळींना आजूबाजूचं सर्किट इतकं जपून मोजावं लागलं. नुसतं डब्ल्यूकेबी शिकलेल्याला अर्धाच प्रयोग कळेल. उरलेला अर्धा भाग म्हणजे परिसराशी जोडलेली प्रणाली. मी तोच मागतेय. गेट आणि अल्गोरिदम मी मागितलेलेच नाहीत, ते खुशाल ऐच्छिक पेपरात जाऊ द्या.

नारायणगाव रोड:
थोडं बाजूचं, पण विषयाला धरून. सगळी चर्चा क्यूबिटच्या नोकऱ्यांभोवती फिरतेय. आमच्या इथे खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिथे हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची रेषा टिपतात. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या स्पिनमधला जोड, म्हणजे अँग्युलर मोमेंटमची बेरीज आणि पहिल्या क्रमाचं पर्टर्बेशन. एकटा सोडलेला अणू हा किरण सोडायला सरासरी १ कोटी वर्षांहून जास्त वेळ घेतो, तरी आकाशात हायड्रोजन इतका आहे की दूरच्या आकाशगंगा या रेषेवरून मोजता येतात. हे सगळं क्वांटम-२ च्या पहिल्या दोन घटकांत बसतं. त्यांना धक्का लागू नये एवढंच.

माळरान:
रेवाताई, मग आपल्यात वाटलं होतं तेवढं अंतर नाही. डेन्सिटी मॅट्रिक्स, बेल आणि परिसराशी जोडलेली दोन पातळ्यांची प्रणाली, यांना १० तास द्यावेत हे मला मान्य. पण ते १० तास आणायचे कुठून? पहिल्या वर्षात संशोधन पद्धती आणि ऑन जॉब ट्रेनिंग प्रत्येकी ४ क्रेडिट घेऊन बसले आहेत, मूळ विषयांना नवा पेपर मिळण्याची आशा नाही. माझं मत, क्लाइन-गॉर्डन आणि डिरॅक काढा. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात गॅमा मॅट्रिक्स (डिरॅक समीकरणातल्या) पळवत नेतात, कुणालाच काही समजत नाही. पार्टिकल फिजिक्स घेणाऱ्यांना ते पुढे भेटतंच.

रेवा:
याला मात्र माझा ठाम विरोध. डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणातून स्पिन आपोआप बाहेर येतो, इलेक्ट्रॉनचा जी-गुणक (त्याच्या चुंबकत्वाचं माप) २ येतो, स्पिन-ऑर्बिटमधला थॉमसचा अर्धा हा गुणक वेगळा चिकटवावा लागत नाही. तोपर्यंत मुलांनी स्पिन हातानेच घातलेला असतो. विषयातला सर्वांत सुंदर क्षण घाईत उरकला जातो म्हणून तो काढून टाकायचा? त्याला वेळ द्या.

वेळ कुठे आहे ते मी सांगते. हायड्रोजन अणू टी.वाय. (तिसऱ्या वर्षाच्या) बी.एस्सी.ला होतो, मग क्वांटम-१ मध्ये पहिल्यापासून, मग अॅटॉमिक-मॉलिक्युलरच्या पेपरात उजळणी. तेच लागेर बहुपद, तीच विभक्त चलं, तीन वेळा. क्वांटम-१ मध्ये त्याला ३ तासांत आटपा, ८-९ तास सुटतील. हार्मोनिक ऑसिलेटरही लॅडर ऑपरेटरने (पातळी एकेक पायरी वर-खाली नेणाऱ्या क्रियांनी) एकदाच करा. या दोन्हींतून वाचलेल्या जागेत क्वांटम-२ चा पहिला घटक क्वांटम-१ मध्ये सरकतो, आणि पुढे मोकळीक मिळते.

प्रयोगवही:
रेवा यांच्या या हिशेबाशी सहमत. ऑसिलेटरच्या हर्मिट बहुपदाची दीर्घ सिद्धता मला कामात कधी लागली नाही, लॅडर ऑपरेटर रोज लागतात.

तिसरा बाक:
रेवाताई, कागदावर हे बरोबर दिसतं. पण आमच्या वर्गातले निम्मे तालुक्याच्या कॉलेजांतून आले आहेत. माझ्या कॉलेजात टी.वाय.ला क्वांटम शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते, त्यांची नेमणूकच सत्र निम्मं उलटल्यावर झाली. आम्ही बॉक्समधल्या कणापर्यंत पोचलो, हायड्रोजन नोट्समधून लिहून काढला. चलं वेगळी कशी करतात हे मला क्वांटम-१ मध्ये पहिल्यांदा समजलं, तुम्ही जी दुसरी वेळ म्हणताय ती आमची पहिली होती. ते तास कापायचे असतील तर ते टी.वाय.ला खरोखर होतात का, हे आधी आमच्यासारख्या कॉलेजांत येऊन बघा. आणि सत्राच्या सुरुवातीला दोन आठवडे जोडवर्ग (मागचं राहिलेलं भरून काढणारे तास) ठेवणार असाल, तर डेन्सिटी मॅट्रिक्सच काय, लिंडब्लाडही शिकायची आमची तयारी आहे.