मदत हवी आहे: पहिल्या 'डेडपूल'ची सर दुसऱ्याला येते का?

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सकाळी मखमलाबादकडे मिसळ आणि दुपारी घरी 'डेडपूल २' हा हॉलिवूडचा सुपरहिरो सिनेमा, असा बेत आहे. सोबत पुण्याहून आलेला भाचा. वय वर्षं एकोणीस, त्यामुळे 'ए' प्रमाणपत्राची अडचण नाही. (ताई-दाजी त्या वेळी त्र्यंबकला असतील, ते बरंच.)

२०१६चा पहिला भाग मी तीनदा पाहिलाय. मला त्यात मारामारीपेक्षा आवडला तो नायकाचा आगाऊपणा: मध्येच प्रेक्षकांकडे वळून बोलणं, स्वतःच्याच सिनेमाची टर उडवणं. पण हा विनोद एकदाच नवा असतो ना? २०१८च्या दुसऱ्या भागाला दिग्दर्शकही वेगळा, टिम मिलरऐवजी डेव्हिड लीच. जॉश ब्रोलिनने केलेलं 'केबल' नावाचं पात्र आलंय म्हणजे पात्रंही वाढली. या गर्दीत गंमत टिकते, की नुसती हाणामारी उरते?

दुसरं, हिंदीत डेडपूलला रणवीर सिंगचा आवाज आहे. भाचा हिंदीवर अडून बसलाय, मला इंग्रजीतला, मूळ नट रायन रेनॉल्ड्सचाच आवाज हवा. दोन्ही पाहिलेल्यांनी सांगा, कुठल्या भाषेत जास्त हसू येतं?

कथा मात्र फोडू नका, प्लीज.