डी अँझातून लॉ स्कूल: कम्युनिटी कॉलेजच्या वाटेने वकिली किंवा सरकारी सेवेत जाण्याबद्दल सल्ला हवाय

केतकी_सनीवेल:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढतेय.

थोरला यंदा बारावी होतोय. त्याला कायद्याकडे जायचंय, आणि तेही कंपन्यांची वकिली नाही. सिटी हॉल, कौंटी, पब्लिक डिफेंडर (वकील न परवडणाऱ्या आरोपींचा सरकारी वकील) असलं काहीतरी. डिबेट करतो, वर्षभर सिटी कौन्सिलच्या मीटिंगांना जाऊन बसतो. सायकल लेनवरून वाद पेटला होता तेव्हा माइकपाशी उभा राहून दोन मिनिटं बोलूनही आला. घरी मात्र भांडी घास म्हटलं की वाचा जाते.

हवी ती यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा कॅम्पस) मिळाली नाही. खासगी कॉलेज झेपणार नाही, धाकटी मागोमाग आहेच. म्हणून डी अँझाला, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजला, जाऊन दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायची, असं त्याचं त्यानेच ठरवलंय. नवऱ्याचं म्हणणं, ट्रान्सफरच घ्यायची तर कंप्युटर सायन्सला घे, लॉचं पुढे बघू. सासरी तर कम्युनिटी कॉलेज ऐकल्यापासून सुतक असल्यासारखे चेहरे आहेत.

लॉ स्कूलवाले कम्युनिटी कॉलेज बघून नाक मुरडतात का? मेजर (मुख्य विषय) काय घ्यावा? आत्तापासून काय सांभाळायचं? ज्यांनी स्वतः केलंय किंवा घरात बघितलंय त्यांनी जरूर लिहा.

खटपट्या:
ताई, आधी पैशाचं. डी अँझात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला क्वार्टर युनिटमागे ३१ डॉलर पडतात (क्वार्टर म्हणजे तिथलं सत्र, युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप). ट्रान्सफरला ९० क्वार्टर युनिट लागतात. म्हणजे दोन वर्षांची ट्यूशन २,८०० डॉलरच्या आत. पुस्तकं, पार्किंग, किरकोळ फी वेगळी. सासरी हा आकडा मोठ्याने वाचून दाखवा.

यूसीच्या सहा कॅम्पसची ट्रान्सफरच्या मुलांसाठी 'टॅग' नावाची प्रवेशाच्या हमीची योजना आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, एलए आणि सॅन दिएगो त्यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला करता येतो आणि अर्ज सप्टेंबरात असतो, म्हणजे दुसरं वर्ष नीट सुरू व्हायच्या आत. त्यानंतर यूसीचा मुख्य अर्ज वेगळा भरावाच लागतो. पोरं टॅग भरून गाफील राहतात आणि नोव्हेंबर निघून जातो.

कोणता कोर्स कुठे चालतो ते असिस्ट डॉट ऑर्गवर मिळेल. कौन्सेलरकडे जाताना ते पान छापून न्या, तोंडी बोलण्यावर राहू नका. जनरल एज्युकेशनसाठी (मेजरबाहेरचे सक्तीचे विषय) २०२५ च्या फॉलपासून 'कॅल-गेटसी' ही कोर्सांची यादी लागू आहे. जुन्या 'आयगेटसी'च्या याद्या अजून नेटवर फिरतात, त्यावरून कोर्स निवडू नका.

साहेबांना सांगा, कंप्युटर सायन्सला ट्रान्सफरची मरणाची गर्दी आहे, आणि काही कॅम्पसनी तो मेजर टॅगमधून वगळलाय. आवड नसताना त्या रांगेत कशाला उभं राहायचं?

सदाशिवपेठी:
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? मुलाला पुण्याला पाठवा. सीईटी देऊन आयएलएस लॉ कॉलेजला पाच वर्षांचा कोर्स, मग तिकडे जाऊन एलएलएम. बारावीनंतर पाच वर्षांत वकील. तुमच्याकडे कम्युनिटी कॉलेजची दोन अधिक विद्यापीठाची दोन अधिक लॉ स्कूलची तीन, म्हणजे सात.

काळा_कोट:
@सदाशिवपेठी, आयएलएस उत्तमच, पण मुलाला सॅन होजेत पब्लिक डिफेंडर व्हायचंय, शिवाजीनगरला प्रॅक्टिस करायची नाही. परदेशी डिग्रीवर इथल्या बारला (वकिलीच्या लायसन्सच्या परीक्षेला) बसता येतं, मार्ग आहेत. पण डीए (सरकारतर्फे खटले चालवणारा वकील) किंवा पब्लिक डिफेंडरच्या ऑफिसात घेताना लॉ स्कूलच्या उन्हाळ्यांत तुम्ही कुठल्या ऑफिसात फायली वाहिल्या ते बघतात. त्या ओळखी इथे शिकतानाच होतात.

केतकी, मी सॅक्रामेंटोत सरकारी वकील आहे आणि याच वाटेने आले. नाक कोणी मुरडत नाही. टानी कँटिल-साकाउये या २०११ पासून २०२२ अखेरपर्यंत कॅलिफोर्नियाच्या मुख्य न्यायाधीश होत्या. त्या सॅक्रामेंटो सिटी कॉलेजातून यूसी डेव्हिसला गेल्या आणि लॉही तिथेच केलं. क्रूझ रेनोसो फुलर्टन कॉलेजातले, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर गेलेले पहिले लॅटिनो न्यायमूर्ती.

आता नीट ऐका. ट्रान्सफर झाली की जुने मार्क पुसले जातात असं बहुतेक मुलांना वाटतं. यूसीच्या जीपीएपुरतं (ग्रेडची सरासरी) ते खरंही आहे, त्यात आधीच्या कॉलेजचे ग्रेड धरत नाहीत. पण लॉ स्कूलचा अर्ज एलसॅक या संस्थेमार्फत जातो, आणि पहिली बॅचलर डिग्री मिळेपर्यंत जिथे जिथे शिकलात त्या प्रत्येक कॉलेजचा ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) तिथे लागतो. हायस्कूलमध्ये असताना केलेली ड्युअल एन्रोलमेंट, म्हणजे कॉलेजचे कोर्स, उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजात उरकलेला एखादा कोर्स, सगळं. ते सगळं एकत्र करून एलसॅक स्वतःचा जीपीए काढतं आणि लॉ स्कूल तो बघतं. नापास झालेला कोर्स पुन्हा केला तर कॉलेज जुना ग्रेड सोडून देईल, पण दोन्ही ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर दिसत असतील तर एलसॅक दोन्ही धरतं. म्हणजे पहिल्या क्वार्टरचा एफ पंचविसाव्या वर्षीही तुमच्याबरोबर असतो. उलट मुदतीत घेतलेला साधा डब्ल्यू (कोर्स सोडल्याची नोंद) जीपीएत येत नाही. त्यामुळे कोर्स हाताबाहेर जातोय असं दिसलं तर ड्रॉपची शेवटची तारीख चुकवायची नाही. पंधरा डब्ल्यू गोळा करा असं म्हणत नाहीये, तेही अर्जात दिसतात.

त्यात डी अँझा क्वार्टरवर चालतं, क्वार्टर बारा आठवड्यांचा. कोर्स कळायला लागेपर्यंत पहिली मिडटर्म समोर. हायस्कूलमधून आलेल्या मुलाने पहिल्याच क्वार्टरला पाच विषय आणि वर नोकरी असं काही करू नये.

मेजर: लॉ स्कूलला ठरावीक मेजर लागत नाही. कॅलिफोर्नियात 'लॉ, पब्लिक पॉलिसी अँड सोसायटी' नावाची ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री काही कॉलेजांत आहे. पोलिटिकल सायन्स असतंच. माझं मत विचाराल तर ज्यात भरपूर वाचावं आणि लिहावं लागेल ते घ्या. एलसॅटमधून (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स, म्हणजे कोड्यांचा भाग, गेले. आता तर्क आणि उताऱ्याचं आकलन एवढंच राहिलंय. वाचायची सवय असलेल्या मुलाला हे बरंच झालं.

२०१४ पासून राज्यात 'पाथवे टू लॉ स्कूल' म्हणून उपक्रमही आहे, तोच तुमचा दोन अधिक दोन अधिक तीन. काही कम्युनिटी कॉलेजं, विद्यापीठं आणि लॉ स्कूलं मिळून चालवतात. बे एरियात हेवर्डचं शॅबो आणि सॅन फ्रान्सिस्को सिटी कॉलेज त्यात आहेत. डी अँझाच्या कौन्सेलरला पहिल्याच भेटीत याबद्दल विचारा.

चिकित्सक_चिंतू:
किम कर्दाशियन लॉ स्कूलला न जाता शिकली ना? तसं का नको?

काळा_कोट:
कॅलिफोर्नियात तशी सोय आहे. वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या हाताखाली चार वर्षं, आठवड्याला अठरा तास, पहिल्या वर्षानंतर 'बेबी बार' ही परीक्षा. कॉलेजची दोन वर्षं झालेली असली की पात्र. पण शिकवायला तयार वकील मिळणं मुश्कील, आणि राज्याबाहेर बहुतेक ठिकाणी ते चालत नाही. तिच्याकडे शिकवण्या लावायला पैसे होते, तरी बेबी बार चौथ्या खेपेला सुटली.

नलू_सॅनहोजे:
मी पॅरालीगल (वकिलाची मदतनीस) आहे, भाडेकरूंच्या केसेस करणाऱ्या एका ना-नफा संस्थेत. सगळे वकिलीचंच बोलताहेत म्हणून लिहिते.

घर खाली करण्याच्या दाव्याची नोटीस हातात पडली की उत्तर द्यायला पूर्वी कोर्टाचे पाच दिवस मिळायचे, जानेवारी २०२५ पासून दहा. उत्तराचा फॉर्म यूडी-१०५. लोक येतात तेव्हा त्यातले निम्मे दिवस गेलेले असतात आणि कागद पिशवीत दुधाच्या पावत्यांबरोबर चुरगळलेला असतो. माझं काम तो कागद सरळ करून तारीख शोधणं, मग 'घरमालकाने गळका नळ दुरुस्त केला नाही' हे फॉर्मच्या कुठल्या चौकटीत बसतं ते बघणं. सल्ला मी देऊ शकत नाही, तो वकिलाचा. इथे स्वतःला पॅरालीगल म्हणवून घ्यायलाही कायद्याने ठरलेलं शिक्षण लागतं आणि काम वकिलाच्या देखरेखीखालीच करावं लागतं. ते शिक्षण कम्युनिटी कॉलेजात मिळतं, डी अँझातही पॅरालीगलचे कोर्स आहेत.

लॉ स्कूलवर पैसे घालण्याआधी मुलाला हे जग बघू दे. आमच्याकडे आलेली काही मुलं वर्षभरात ठरवतात की हेच करायचं. काही म्हणतात, बाई गं, हे रोज नाही जमणार. दोन्ही बरंच की.

आणि आजपासून जमेल असं: कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमांचे दावे) किंवा घर खाली करण्याच्या केसेसच्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसायचं. कौंटीची लॉ लायब्ररीही सगळ्यांसाठी आहे.

केतकी_सनीवेल:
सगळ्यांचे खूप आभार. एलसॅकचं ऐकून लेक गंभीर झालाय. दहावीत उन्हाळ्यात केलेल्या एका कोर्सचा सी अचानक आठवलाय त्याला.

एक लिहायचं राहिलं. आम्ही एच-१बी वर (नोकरीचा विसा), मुलगा एच-४ वर (त्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचा). आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, ग्रीन कार्डचा नंबर कधी लागेल देव जाणे. पॅरालीगलचं काम करता करता शिकणं त्याला जमेल का?

विसाग्रस्त:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, बाकीचं सगळं यावर टांगलंय.

एच-४ वरच्या मुलाला पगारी काम चालत नाही. बिनपगारी इंटर्नशिपही सरसकट चालते असं नाही. ज्या कामाला एरवी पगारी माणूस ठेवतात ते फुकट केलं तरी प्रश्न येऊ शकतो. खरी स्वयंसेवा वेगळी.

२१ पूर्ण झाली की एच-४ संपतो. वय गोठवण्याचा एक कायदा आहे, त्याचं गणित तुमच्या तारखांवरून इमिग्रेशन वकिलाकडून करून घ्या, शेजाऱ्याच्या तारखांवरून नको. नंबर लागला नाही तर एफ-१ (विद्यार्थी विसा) घ्यावा लागतो, आणि एफ-१ वर कॅलिफोर्नियाचं रहिवासीपण मिळत नाही. ट्रान्सफर आणि एकविसावा वाढदिवस तुमच्याकडे एकमेकांच्या आसपासच येणार. यूसीची बिगररहिवासी जादा फी वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर आहे. तेव्हा ज्या कॅम्पसला जायचं तिथल्या रेसिडेन्सी ऑफिसला आधीच ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

फेडरल मदत आणि कर्ज एच-४ किंवा एफ-१ ला मिळत नाही. फेडरल सरकारी नोकऱ्या बहुतेक नागरिकांनाच. वकिलीच्या लायसन्सला मात्र नागरिकत्व लागत नाही, आणि कौंटी-सिटीच्या बऱ्याच नोकऱ्यांना कामाचा परवाना पुरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुमचा मुलगा राजकारणात रस घेणारा आहे. कॅम्पसवर मतदार नोंदणीची टेबलं लागतात, मित्र फॉर्म पुढे करतात, वर्गातही वाटतात. त्यावर 'मी अमेरिकन नागरिक आहे' अशी चौकट असते. घाईत जरी खूण केली तरी पुढे ग्रीन कार्ड कायमचं अडकू शकतं. डीएमव्हीतही (ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात) हाच प्रश्न येतो. त्याला हे आजच बसवून सांगा. उमेदवारासाठी विनामोबदला दारोदार फिरणं चालतं, वर्गणी देणं चालत नाही. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये बोलायला मात्र कोणी विसा विचारत नाही, ते चालू राहू दे.

काळा_कोट:
विसाग्रस्त म्हणतात त्यातला शब्दन् शब्द खरा. पैशाचं आणखी थोडं, ग्रीन कार्ड आलंच तर: सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करताना १२० हप्ते भरले की उरलेलं फेडरल कर्ज माफ होतं, योजना २००७ पासून आहे. पण नव्या विद्यार्थ्यांना १ जुलै २०२६ पासून ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल) कर्ज बंद, आणि लॉसाठी फेडरल कर्जाला वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलरची मर्यादा. म्हणून आत्ता वाचलेले पैसे लॉ स्कूलसाठी ठेवा. आणि लॉ स्कूल निवडताना स्कॉलरशिप किती देतात ते आधी बघा, रँकिंग नंतर.

केतकी_सनीवेल:
विसाग्रस्त, मतदार नोंदणीचं खरंच डोक्यात नव्हतं. आजच बसवते त्याला समोर. इमिग्रेशन वकिलाची वेळ घेतली. फॉलला तीनच विषय घ्यायचे, स्टॅटिस्टिक्स विंटरला, असं सध्या ठरतंय. नवरा स्टॅटिस्टिक्सवर खूश आहे, त्याला अजून आशा वाटतेय.

नलू, कोर्टात एकटा जायला बिचकतोय. कोणी बरोबर असेल तर जाईन म्हणतो.

खटपट्या:
तीन विषय ठीक, पण १२ युनिट भरताहेत ना ते बघा. त्याखाली गेलं तर पूर्णवेळ धरत नाहीत. आणि एफ-१ झाला की पूर्णवेळ राहणं सक्तीचं.

नलू_सॅनहोजे:
केतकी, व्यनि (खासगी निरोप) केलाय. माझ्या पुतणीलाही न्यायचंय, दोघं बरोबर येतील. सकाळी लवकर यायचं, सिक्युरिटीची रांग मोठी असते. कोर्टरूममध्ये फोन बंद आणि टोपी काढलेली हवी, बेलिफ पहिलं तेच बघतो. दप्तरात कंपासपेटीतलं कर्कटक असेल तर घरीच ठेव म्हणावं.