आइस्क्रीम मशीनचं भांडं नीट गोठलंय का ते आधी बघा
मशीनमध्ये अर्धा तास फिरवूनही आइस्क्रीम पातळच राहतं असं लिहिलंय तुम्ही, तर आधी भांडं कानाजवळ धरून हलवून बघा, आत डुचमळल्याचा आवाज आला तर भांड्याच्या दुहेरी भिंतींमधलं, गारवा धरून ठेवणारं द्रावण गोठलेलंच नाहीये. आमच्याकडे ठाण्यात मे महिन्यात फ्रीज सारखा उघडला जातो, म्हणून मी रिकामं भांडं फ्रीजरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअसवर पूर्ण २४ तास ठेवते, त्याशिवाय मशीन लावतच नाही. मिश्रणही रात्रभर गार केलेलं हवं. आणि वाशी मार्केटमधून हापूसची पेटी आणून करणार असाल तर रस आधी मंद गॅसवर थोडा आटवून घ्या प्लीज, पाणी कमी झालं की बर्फाचे खडे कमी होतात. साखर मात्र फार कापू नका हं, तिच्यामुळेच मऊ राहतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी नुसता दगड!