मदत हवी आहे: सॅपर्सच्या जुन्या वस्तू खानापूरच्या पावसात कशा टिकवायच्या?

मलप्रभाकाठ:
राम राम मंडळी. खानापूरजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयात खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून (सैन्यातली इंजिनियर पलटण) निवृत्त झालेल्यांच्या घरच्या वस्तू जमल्या आहेत. चामडी केसमधला दिशा बघायचा पितळी मार्चिंग कंपास, बेली पुलाच्या (सुटे लोखंडी भाग जोडून उभारायचा लष्करी पूल) दोन पिना, निळ्या कागदावरची पुलांची ड्रॉइंगं आणि दोन ड्रॉइंगं ट्रेसिंगच्या कापडावर. सगळं एकाच सागवानी कपाटात आहे. जून लागला की पितळेवर हिरवं चढतं, चामड्याला बुरशी येते. कंपास पॉलिश करून घ्यावा का? ड्रॉइंगं लॅमिनेट केली तर चालतील?

जुनी_अवजारं:
दोन्ही नको. आणि कंपास उघडू तर अजिबात नका. जुन्या कंपासांच्या खुणांना अंधारात चमकणारा, किरणोत्सारी रेडियमचा रंग असायचा. अंधारात चमकत नाही म्हणून तो मेला असं समजू नका. चमकणारं झिंक सल्फाइड थकतं, रेडियम निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. काच तडकली असेल तर झिप पिशवीत ठेवा, हात धुवा, मुलांच्या हाती देऊ नका, खोलीत हवा खेळती ठेवा.

पितळ केसच्या बाहेर काढा. चामड्यातलं तेल आणि पितळेतलं तांबं मिळून तो हिरवा मेणचट थर होतो. तो बांबूच्या काडीने खरवडा, मग मिनरल टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसा. अमोनिया असलेलं पॉलिश टाळा. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्याला कारण, हे १९२१ मध्ये स्पष्ट झालं.

मलप्रभाकाठ:
आणि पिना? खोबरेल तेल लावून ठेवतोय.

जुनी_अवजारं:
तेल चिकट होतं, धूळ धरतं. टर्पेंटाइनने काढा. सुटा गंज पितळी तारेच्या मऊ ब्रशने झाडा, कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. पिनेच्या डोक्यावर एक खाच असते. आतलं सेफ्टी पिनचं भोक कुठल्या दिशेला आहे, ते पुलावर काम करणाऱ्याला त्या खाचेवरून कळायचं. ती घासली गेली की पीन म्हणजे नुसता लोखंडी दांडा. हेअर ड्रायरने कोमट करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या.

कागदपत्रं_बेळगाव:
ड्रॉइंगांचं मी सांगते. निळा रंग प्रशियन ब्लू आहे, त्याला अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा चुन्यासारखा पदार्थ, मारते. म्हणून चुन्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल आली की निळं फिकट पडून पिवळट-तपकिरी होतं. दुकानदार 'आर्काइव्हल' म्हणून जो कागद देतात, त्यात बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट असतं, तेही अल्कलीच; त्यालाच बफर म्हणतात. तुम्हाला आम्लविरहित पण बफर नसलेला कागद हवा, तो स्पष्ट सांगून मागा. उजेडाने फिकटलेलं ड्रॉइंग काही दिवस अंधारात ठेवलं तर थोडं निळं परत येतं. ट्रेसिंग कापडाला खळ असते, पाण्याच्या एका थेंबाने डाग पडतो, तेव्हा ओला बोळा नकोच. लॅमिनेशन परत निघत नाही. गुंडाळायचंच तर किमान १० सेंमी जाड नळीवर, बाहेरून.

जुनी_अवजारं:
आता कपाट. लाकडातून आम्लाच्या वाफा निघतात. पॉलिप्रॉपिलीनचे रबरी कडेचे डबे घ्या, पीव्हीसी नको. धातू एका डब्यात, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. कागद आणि चामडं दुसऱ्या डब्यांत, ४५ ते ५५. चामडं धातूच्या डब्यात टाकलं तर सुकून तडकेल.

मलप्रभाकाठ:
ओल शोषणारं सिलिका जेल किती लागेल?

जुनी_अवजारं:
धातूच्या डब्याला लिटरमागे २० ग्रॅम, म्हणजे २० लिटरला ४०० ग्रॅम. नारिंगी घ्या, निळ्यात विषारी कोबाल्ट असतं. हिरवं पडलं की ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, बंद बरणीत गार करा, मगच परत टाका. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. अथणीसारख्या कोरड्या भागात एकदा भरलेलं जेल खूप दिवस पुरेल, तुमच्याकडे जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बघावं लागेल. डबा उघडायचा तो ऊन पडलेल्या दुपारी, पाऊस चालू असताना नाही.