वूडनला नुसते उंच प्लेअर मिळाले म्हणून?

कोणीतरी लिहिलंय की अल्सिंडर (पुढचा करीम अब्दुल-जब्बार) आणि वॉल्टनसारखे उंच प्लेअर हाताशी असल्यावर अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा कोच जॉन वूडन याच्या जागी कोणीही जिंकलं असतं, ते अर्धंच खरंय. वूडन लॉस एंजेलिसच्या युसीएलए युनिव्हर्सिटीत आला १९४८ ला आणि पहिलं एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) टायटल थेट १९६४ ला, आजकाल एवढा दम कुठलं कॉलेज धरतंय सांगा! आणि त्या ६४ च्या टीममधे सुरुवातीच्या पाचांत एकही जण साडेसहा फुटांचा नव्हता तरी ३०-० (तीसच्या तीस मॅच जिंकल्या), कारण सगळा खेळ झोन प्रेसवर, म्हणजे समोरच्याला त्याच्याच अर्ध्या कोर्टात घेरून दबाव टाकायचा, समोरच्याला बॉल अर्ध्या कोर्टापुढे नेतानाच घाम फुटायचा, आणि त्या प्रेससाठी हट्ट धरला होता असिस्टंट जेरी नॉर्मनने, त्या बिचाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. पुढचं माहितीच आहे, १२ वर्षांत १० टायटल, सलग ८८ मॅच जिंकल्या. वूडन पहिल्या प्रॅक्टिसला मोजे कसे घालायचे ते शिकवायचा म्हणे, फोड येऊ नयेत म्हणून :)

टीका करायचीच तर सॅम गिल्बर्टवरून करा ना, हा श्रीमंत पाठीराखा प्लेअर्सना नियमाबाहेरची मदत करायचा आणि एनसीएएने युसीएलएवर कारवाई केली १९८१ मधे, वूडन रिटायर होऊन सहा वर्षांनी.